"मी काय, फक्त जीएनएम!"

"अठरा वर्षं नाइट काढल्या, मॅडम. आणि इनचार्ज कोण? कालची पोरगी! ती बीएस्सी, मी काय, फक्त जीएनएम." माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या, खाजगी रुग्णालयातल्या या सिस्टर बोलताना रुमालाची घडी घालत होत्या, मोडत होत्या. (जीएनएम ही नर्सिंगची पदविका, बीएस्सी ही पदवी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) कमी शिकलेली नर्स कमी दर्जाची असते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

'छे हो, अनुभवच खरा' म्हणून त्यांची बोळवण करता आली असती. पण ते अर्धसत्य. 2014 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतला अभ्यास आला होता. पदवीधर नर्सचं प्रमाण जिथे 10 टक्क्यांनी जास्त, तिथे शस्त्रक्रियेचा रुग्ण भरती झाल्यापासून 30 दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी. हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्याच अभ्यासात दुसरंही होतं : नर्समागे एक रुग्ण वाढला की ती शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. "आमच्याकडे रात्री एकीवर तीस!" त्या फटकन म्हणाल्या. (यावर मी काय बोलणार?) शिवाय हा हिशेब रुग्णालयांचा, एकेकीला त्या काट्यावर तोलता येत नाही.

मग विचारलं, "त्या मुलीचं पहिल्यांदा कधी लागलं मनाला?"

ऑपरेशन झालेला पेशंट होता. बीपी ठीक, पण चुळबुळ चाललेली, हात गार, नाडी पळत होती, युरीन बॅग जवळजवळ रिकामी. यांनी डॉक्टरांना फोन केला, "सर, पेशंट बरा वाटत नाहीये." उत्तर आलं, "बीपी नॉर्मल आहे ना? सकाळी बघू." तेव्हा त्या मुलीनं फोन घेतला. नाडी 128, तासाभरात लघवी 15 मिली, आत रक्तस्राव होत असावा. डॉक्टर धावत आले. पेशंट वाचला, कौतुक तिचं झालं.

"ओळखलं कुणी?"

"मीच की."

"आणि डॉक्टरांना आणलं कुणी?"

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तिनं."

जीएनएमनंतरच्या दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीचा विषय त्यांनीच काढला. पण धाकटा दहावीला, घरचा हप्ता चालू. फॉर्म अजून पर्समध्येच आहे, मीही रेटलं नाही. फोन करण्याआधी मात्र आता त्या आकडे कागदावर लिहून घेतात.

तिसऱ्या भेटीत हसत आल्या. इनचार्जनं विचारलं होतं, "ताई, त्या रात्री नाडी मोजायच्या आधीच तुम्ही त्या बेडपाशी का थांबलात?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, उद्या राउंडला माझ्याबरोबर चल. दाखवते."