वाचकांचे प्रश्न : बी.एस्सी. की आयटीआय?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील एका गावात राहतो. यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालो; गुण बेताचेच आहेत. घरची द्राक्षबाग आहे. बागेतील मोटार जळाली की ती रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीत तारेचे वेढे नव्याने भरून देणाऱ्या, दुकानात नेण्याचे काम माझ्याकडे असते आणि तिथे मी तासन्‌तास दुरुस्ती बघत बसतो. आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्यावा, असे मला वाटते. वडिलांची हरकत नाही. चुलत्यांचे म्हणणे असे की, आयटीआय हे दहावीत मागे पडलेल्या मुलांचे शिक्षण आहे, बारावी करून तिथे जाणे म्हणजे दोन वर्षे पाण्यात घालणे. त्यापेक्षा सांगलीला बी.एस्सी.ला जावे, कारण लग्न जुळवतानाही पदवीच विचारतात. मी काय करावे?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातील रिवाइंडिंगच्या दुकानाचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. दुरुस्ती बघायला आवडणे आणि ती दिवसभर स्वतः करायला आवडणे, यांत अंतर आहे. जळालेल्या मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र असलेल्या) मोटारीचे जुने कॉइल तोडून काढायचे, त्याचे वेढे मोजायचे, तारेचा गेज तपासायचा, स्टेटरच्या (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या) प्रत्येक खाचेत इन्सुलेशन पेपर बसवायचा, मग नवे कॉइल भरून, जोड देऊन, व्हार्निश करून मोटार वाळवायची, हे सारे मान खाली घालून आणि घाई न करता करावे लागते. प्रवेशाचे अर्ज भरेपर्यंत जो वेळ आहे, तेवढ्यात दुकानमालकांना विनंती करून हे काम प्रत्यक्ष हाताने करून पाहा. त्यानंतरही ओढ तशीच राहिली, तर आयटीआयलाच जा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानात इतके शिकायला मिळते, तर आयटीआय कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. दुकानात गिऱ्हाइकाला मोटार लवकर चालू करून हवी असते, त्यामुळे ती का जळाली हे शिकाऊ मुलाला समजावून सांगायला कारागिराला सवड नसते. तीन फेजपैकी एक गेला, तरी चालू असलेली मोटार उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, त्यांतून जास्त प्रवाह खेचते आणि तापून जळते. हे का घडते, स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटार बंद करणारा भाग) कितीवर ठेवावा, अर्थिंग कसे तपासावे, याचा पाया आयटीआयच्या दोन वर्षांत पक्का होतो. शिवाय प्रमाणपत्राशिवाय काही दारे उघडतच नाहीत. उदाहरणार्थ, रेल्वेतील सहायक लोको पायलटच्या (इंजिनचालकाच्या मदतनिसाच्या) भरतीसाठी दहावीबरोबर आयटीआय किंवा अभियांत्रिकीतील पदविका लागते.

आता चुलत्यांच्या आक्षेपाकडे वळू. इलेक्ट्रिशियन ट्रेडला किमान पात्रता दहावीची आहे आणि महाराष्ट्रात प्रवेशाची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, त्यामुळे बारावीचे बेताचे गुण इथे आड येणार नाहीत. वयाचीही कमाल मर्यादा नाही. बारावी वाया जाते, हेही खरे नाही, कारण विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या (तंत्रनिकेतनातील पदविकेच्या) थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. मिरजेत आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतने आहेत, तो पर्यायही घरी बोलून पाहा. हीच वाट आयटीआयनंतरही खुली राहते आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली जिथे लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला, ती किर्लोस्करवाडी तुमच्याच जिल्ह्यात आहे. अशा जिल्ह्यात हातकामाला मागे पडलेल्या मुलांचे शिक्षण म्हटले जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मात्र आयटीआय म्हटले की सगळ्या सारख्याच, असे समजू नका. अर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी वडिलांना बरोबर घेऊन दोन-तीन संस्था कामाच्या दिवशी पाहून या. कार्यालयात माहिती विचारून परतू नका. वर्कशॉपमध्ये जाण्याची परवानगी मागा. मोटारींवर धूळ आहे की मुलांचे हात चालू आहेत, स्टार-डेल्टा स्टार्टरची (मोठी मोटार सुरू करताना प्रवाह कमी ठेवणाऱ्या साधनाची) जोडणी प्रत्येक मुलगा स्वतः करतो की एक करतो आणि बाकीचे वहीत उतरवून घेतात, हे पाच मिनिटांत दिसते. ट्रेडच्या निदेशकाचे (शिकवणाऱ्याचे) पद भरलेले आहे का आणि मागच्या बॅचची मुले अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) म्हणून कुठे लागली, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ती खरे सांगतात. घरापासून थोडी दूर असली, तरी जिथे हात चालू दिसतील ती संस्था वर लिहा.

आयटीआयनंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील अप्रेंटिसशिप अवश्य करा. तिच्यात विद्यावेतन मिळते आणि कारखान्याची शिस्त अंगी लागते. एक कटू गोष्टही आधीच सांगायला हवी. कुपवाड, मिरज किंवा पलूसच्या औद्योगिक वसाहतींत आयटीआय झालेल्या मुलाला सुरुवातीला अनेकदा ठेकेदारामार्फतच घेतात, पगार थोडा असतो आणि कायम होण्याची खात्री नसते. तुमच्या बाबतीत मला दिलासा वाटतो तो एवढ्यासाठी की, गावोगावच्या बागांत मोटारी आहेत, त्या जळत राहतात आणि हे काम येणाऱ्याला नोकरीवाचूनही उभे राहता येते.

बी.एस्सी. कमी दर्जाची आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. भौतिकशास्त्राचे किंवा रसायनशास्त्राचे पुस्तक तुम्ही आपणहून उघडत असाल, पुढे एम.एस्सी. किंवा बी.एड. करण्याची तयारी असेल, तर चुलत्यांचा सल्ला योग्य ठरेल. तुमच्या पत्रात मात्र विषयाचे नाव कुठेच आलेले नाही. निव्वळ पदवी हवी असेल, तर बारावीच्या आधारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. किंवा बी.कॉम. करता येते आणि स्पर्धा परीक्षांना ती पदवी चालते. लग्नाच्या चौकशीत पदवी विचारणाऱ्यांनाही ती दाखवता येईल; त्या एका कारणासाठी तीन वर्षे रोज सांगलीला जाणे मला पटत नाही.

शेवटचा मुद्दा पसंतीक्रमाचा. इलेक्ट्रिशियनच्या खाली वायरमन लिहायला हरकत नाही, दोन्ही कामे जवळची आहेत. पण या दोन्हींत नंबर लागला नाही, म्हणून फेरीअखेर जो ट्रेड शिल्लक असेल त्याला प्रवेश घेऊ नका. नंबर लागला नाहीच, तर मिरजेच्या तंत्रनिकेतनात विद्युत शाखेसाठी प्रयत्न करा आणि त्या प्रवेशाची शेवटची तारीख आजच विचारून ठेवा.