आजोबांचं मनगटी घड्याळ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत एचएमटीचं घड्याळ सापडलं. तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलंय. चावी फिरते, पण हलवलं की दोन-तीन मिनिटं टिकटिकतं आणि थांबतं. घरचे म्हणतात, कुणीतरी चावी जास्त दिली. घड्याळ अस्सल आहे का आणि दुरुस्त होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: आधी चावीचं. चावी जास्त दिल्यामुळे घड्याळ बंद पडत नाही. मेनस्प्रिंग (घड्याळाला जोर देणारी मुख्य स्प्रिंग) पूर्ण गुंडाळली गेली की चावी पुढे फिरतच नाही, एवढंच. चावी भरलेली असूनही घड्याळ उभं राहतं, कारण आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं आणि स्प्रिंगचा जोर शेवटच्या चाकापर्यंत पोहोचत नाही. हलवल्यावर चालतं याचा अर्थ बॅलन्सची (मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाची) दांडी बहुधा शाबूत आहे. ही चांगली बातमी आहे.

आता ओळख. एचएमटी या सरकारी कंपनीनं जपानच्या सिटिझन या घड्याळ कंपनीच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. ‘जनता’ हे त्यांचं रोज चावी द्यायचं, तारीख नसलेलं, १७ ज्वेलचं घड्याळ. ज्वेल म्हणजे चाकांच्या आसांची टोकं ज्यांत फिरतात ते बारीक दगड. मागचं झाकण उघडून घेतलंत की मशीनवर एचएमटीचं नाव आणि बहुतेक वेळा ०२३१ हा आकडा दिसेल. हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. तबकडीवरची अक्षरं भिंगातून बघा. मूळ छपाई बारीक, एकसारख्या जाडीची आणि कडांना धारदार असते. शाई पसरलेली असेल, मिनिटांच्या रेघा ताशी खुणांशी जुळत नसतील किंवा मिनिटकाटा रेघांपर्यंत पोहोचत नसेल, तर तबकडी किंवा काटे बदललेले आहेत. पिवळट छटा, बारीक डाग, थोडी उडालेली चकाकी ही मात्र वयाची खूण आहे. तिला हात लावू नका.

झाकणावरचा मजकूरही नीट वाचा. ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं असेल तर स्टीलचं फक्त झाकण. बाकीची केस पितळेवर क्रोम चढवलेली असते. तिला बफ मारून घेतलंत तर क्रोम निघून जाईल, खालचं पितळ उघडं पडेल आणि घामानं हिरवं होईल. निवृत्तीची तारीख किंवा नाव कोरलेलं असेल तर झाकण पॉलिशला देऊच नका. घड्याळ कधीचं, हे सांगणारा तोच सगळ्यात भरवशाचा पुरावा असतो.

दुरुस्ती नक्की होईल. पण दुकानात एक प्रश्न आधी विचारा: ‘मशीन पूर्ण सुटं करणार, की आख्खंच धुऊन देणार?’ आख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून, वर दोन थेंब तेल सोडणं हे सर्व्हिसिंग नव्हे. ज्वेलच्या भोकांतला वाळलेला थर तसाच राहतो आणि काही महिन्यांत घड्याळ पुन्हा थांबतं. नीट काम असं होतं. प्रथम चावीचं बटण बोटांत धरून क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खिटी) बाजूला सारायची आणि स्प्रिंगचा ताण हळूहळू उतरवायचा. ताण असताना पॅलेटचा (शेवटच्या चाकाला ठोक्यागणिक अडवून सोडणाऱ्या भागाचा) ब्रिज, म्हणजे वरची पट्टी, उघडला तर सगळी चाकं सुसाट फिरतात आणि दात किंवा पिव्हट (आसाचं बारीक टोक) तुटतो. चावीची दांडी काढताना सेटिंग लिव्हरचा (दांडीला धरून ठेवणाऱ्या भागाचा) स्क्रू एक-दीड वळणच सैल करायचा. तो पूर्ण काढला तर लिव्हर आत सुटतो आणि तबकडीखालची बाजूही उघडावी लागते. मग सगळे भाग सुटे करून बेंझिनमध्ये धुवायचे आणि ज्वेलची भोकं टोकदार लाकडी काडीनं एकेक साफ करायची. पॅलेट आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये जास्त वेळ ठेवायचे नाहीत, कारण पॅलेटचे दगड आणि बॅलन्सचा इम्पल्स ज्वेल (पॅलेटचा धक्का घेणारा दगड) लाखेनं बसवलेले असतात आणि लाख विरघळते.

तेलात सगळ्यांत जास्त चुका होतात. बॅलन्सला आणि वेगवान चाकांना पातळ तेल लागतं, उदाहरणार्थ मोबियस कंपनीचं ९०१०. मधल्या चाकासारख्या संथ, जोराच्या जागी जाड तेल, आणि चावीच्या दांडीच्या भागांना ग्रीस. पॅलेटच्या पिव्हटला तेल द्यायचंच नाही. कॅप ज्वेलवरचा (पिव्हटच्या टोकावर बसणाऱ्या दगडावरचा) थेंब ज्वेलच्या रुंदीचा साधारण दोन-तृतीयांश भाग व्यापेल एवढाच. जास्त झाला तर तो ओढला जातो आणि पिव्हट कोरडा पडतो. शिलाई मशीनचं तेल किंवा गंजावर मारायचा स्प्रे कुणी वापरत असेल तर घड्याळ परत घ्या. ते तेल पसरत हेअरस्प्रिंगवर (बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) जातं.

काम झाल्यावर टायमिंग मशीनवरचे आकडे मागा. पूर्ण चावी, तबकडी वर, या स्थितीत अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्सचा एका बाजूचा झोका) २७० अंशांच्या आसपास हवा. २२० च्या खाली असेल तर सफाई अपुरी आहे किंवा मेनस्प्रिंग थकली आहे. बीट एरर (टिक आणि टक यांच्या अंतरातला फरक) एक मिलिसेकंदाच्या आत असावा. एवढ्या जुन्या घड्याळाला दिवसाला वीस सेकंद इकडे-तिकडे हे समाधानकारक आहे.

सुट्या भागांची चिंता नको. केंद्र सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली, त्यामुळे कंपनीचा पुरवठा संपला. पण हेच मशीन ‘पायलट’मध्येही होतं. त्या जातीचं एखादं मोडकं घड्याळ घेऊन त्यातले भाग वापरता येतात. बदललेला प्रत्येक मूळ भाग मात्र पुडीत घालून परत मागा.

प्रश्न: वडिलांच्या फेवर-ल्युबाची तबकडी डागाळली आहे. दुकानदार म्हणतो, नव्यासारखी रंगवून देतो. द्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही. ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत घड्याळं विकत आली. त्यामुळे आपल्याकडे तिची घड्याळं भरपूर आहेत आणि रंगवलेल्या तबकड्याही तितक्याच. भडक रंगाची तबकडी, भलतेच काटे आणि घासून गुळगुळीत केलेली केस अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि टाळतात. एकदा जुनी छपाई खरवडली की ती परत येत नाही. डाग असलेली मूळ तबकडी रंगवलेल्या तबकडीपेक्षा कधीही मोलाची.

ती पाण्यानं किंवा कापसानंही पुसू नका. अक्षरं लाखेच्या थरावर असतात आणि बोळ्यासोबत निघून येतात. तबकडीवर चमकणारे ठिपके असतील आणि घड्याळ १९६० च्या आधीचं असेल, तर तो रेडियमचा लेप असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो. न उघडलेलं घड्याळ हाताळायला हरकत नाही, पण लेप खरवडणं आणि त्याची भुकटी श्वासात जाणं धोक्याचं. ‘टी स्विस मेड टी’ अशी अक्षरं तळाशी असली तर लेप ट्रिटियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी पदार्थाचा आहे.

नवेपणा हवाच असेल तर काच चमकवून घ्या. जुन्या काचा बहुधा अ‍ॅक्रिलिकच्या असतात. केसला टेप लावा, २००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून काच घासा, मग प्लास्टिक पॉलिशनं चमक आणा. तडा असेल तर त्याच व्यासाची नवी काच बसते.

प्रश्न: चालू स्थितीतलं जुनं घड्याळ अचानक तासाला दहा मिनिटं पुढे जायला लागलं.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: हेअरस्प्रिंगचे वेढे बहुधा एकमेकांना चिकटले आहेत. चुंबकत्व किंवा तेल, या दोन्हींपैकी एक कारण बहुधा असतं. घड्याळ होकायंत्रावर धरा. सुई फिरली तर चुंबकत्व आहे. मोबाइलचा स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण यांनीही ते लागतं. डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रावर) काही सेकंदांत निघतं. सुई स्थिर राहिली तर हेअरस्प्रिंग धुवावी लागेल. रेग्युलेटरची (वेग कमी-जास्त करणारी) दांडी सरकवून ‘स्लो’ करून देणाऱ्याला थांबवा. मूळ दोष तसाच राहतो.

प्रश्न: पावसाळ्यात काचेच्या आत दव धरतं. तांदळात ठेवू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: बंद केसमधलं पाणी तांदूळ ओढत नाही आणि त्याची भुकटी आत जाते. दव दिसलं त्याच दिवशी झाकण उघडून घ्या. पोलादी भागांवर गंज दोन दिवसांत दिसू लागतो, आणि सर्वांत आधी चावीच्या दांडीवर. झाकणाचं आणि चावीच्या बटणाचं रबर एवढ्या वर्षांत कडक झालेलं असतं, ते दोन्ही बदला. तरीही ‘वॉटरप्रूफ’ हे झाकणावरचं अक्षर आज खरं मानू नका. जूनपासून घड्याळ सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा पूर्ण चावी देऊन चालवा.