बोटांचा हिशोब : टायपिंगच्या बाईंना विचारा

प्रश्न : बाई, मी वसमत तालुक्यातला, वय २३. लिपिक-टंकलेखकाच्या भरतीची तयारी करतोय. घरी एका मिनिटाची टेस्ट दिली की मराठीत मिनिटाला ४२ शब्दांचा स्पीड येतो. क्लासमध्ये सर दहा मिनिटांचा उतारा देतात, तेव्हा २७. दोन्हीकडे कीबोर्डची मांडणी इनस्क्रिप्टच आहे. सर मुद्दाम कमी देतात असं पोरं म्हणतात. खरं कुणाचं? तपासायला उतारा सोबत जोडलाय.

उत्तर : सरांचं. ते कमी देत नाहीत लेकरा, घरची टेस्ट तुझे लाड करते.

आधी हिशोब समजून घे. टायपिंगमधला ‘शब्द’ म्हणजे पाच ठोके, पाच वेळा कळ दाबणं. ‘महाराष्ट्र’ लिहून बघ : म, ह, काना, र, काना, पोटफोड्या ष, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची कळ), ट, हलन्त, र. दहा ठोके झाले, म्हणजे वाचताना एक शब्द आणि मोजताना दोन. तुझी घरची टेस्ट ठोके मोजते की ‘घर, मला, पाणी’ असे सुटे शब्द, ते एकदा बघून घे. तसंही एक मिनिट कुणीही पळतं.

आता तुझा कागद. दहा मिनिटांत १६०० ठोके. भागिले पाच, ३२० शब्द. म्हणजे मिनिटाला ३२. हा झाला ढोबळ वेग. त्यात न सुधारलेल्या चुका ५०. चुकीमागे एक शब्द वजा केला की उरले २७०, म्हणजे मिनिटाला २७. हा निव्वळ वेग. मराठीला ३० लागतात, ते या निव्वळमध्ये. (चुका वजा करायची रीत परीक्षेगणिक थोडी वेगळी असते, जाहिरात नीट वाच.) म्हणजे हात तुझा ३० च्या पुढे गेलेलाच आहे, चुका त्याला मागे ओढतात.

१६०० पैकी १५५० ठोके बरोबर, म्हणजे जवळजवळ ९७ टक्के. दहावीला एवढे पडले तर वेशीवर बॅनर लागतं. टायपिंगमध्ये याचा अर्थ दर ३२ ठोक्यांना एक चूक, दर ओळीत एखादी. असं पत्र कुठला साहेब सही करून पुढे पाठवील?

काल रात्री लाइट येईपर्यंत मेणबत्तीवर तुझा उतारा लाल पेनने तपासला. ५० पैकी २१ चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या आहेत. ‘विहिर’, ‘नदि’, ‘मंजुर’. तू म्हणशील, माझं शुद्धलेखन कच्चं. पण पहिल्या ओळीत ‘नदी’ बरोबर आहे आणि खाली चुकलीय. म्हणजे तुला येतं, बोट चुकतं. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड समोर घे. पहिली वेलांटी इंग्रजी एफवर, दुसरी तिच्याच वर आरवर. पहिला उकार जीवर, दुसरा टीवर. चारही एकट्या डाव्या तर्जनीकडे! शिवाय न आणि व सुद्धा तिच्याच गळ्यात. घरात एकच सून कामाची असावी तशी गत. ‘विहीर’ लिही : व डावी तर्जनी, वेलांटी तीच, ह उजवी तर्जनी, दुसरी वेलांटी पुन्हा डावी, र उजवी. पाच ठोके, बाकीची आठ बोटं नुसती बसून. तू घाईत आरपर्यंत पोहोचत नाहीस, एफवरच दाबून मोकळा होतोस.

म्हणून उतारे बाजूला ठेव. पंधरा दिवस रोज २० मिनिटं फक्त असले शब्द : विहीर, किती, दिली, नदी, मंजुरी, गुरू, पूर, मूळ. प्रत्येक वरच्या ठोक्यानंतर तर्जनी एफवर परत आली पाहिजे. एफ आणि जेवर ती बारीक उंचवटी रेघ त्यासाठीच असते, डोळ्यांऐवजी बोटाने बघायची. वेग २० वर उतरला तरी चालेल. सलग तीन दिवस एका पानात चुका पाचाच्या आत राहिल्या की वेग दोनाने वाढव, त्याआधी नाही.

उरलेल्या चुकांत ९ स्पेसबारच्या, ८ हलन्त विसरल्याच्या, १२ किरकोळ. आणि उताऱ्याचे तीन सारखे हिस्से केले तर पहिल्यात ७ चुका, शेवटच्यात २६. म्हणजे तुझा दम चार मिनिटांचा आहे. एक मिनिटाच्या टेस्टने तो कसा वाढणार? पाच मिनिटं, मग सात, मग दहा असं चढव.

बॅकस्पेसचंही सांगते. चुकीचा ठोका, बॅकस्पेस, बरोबर ठोका. एकाच्या जागी तीन, शिवाय लय तुटते ती वेगळीच. मी शिकले तेव्हा ही कळच कामाची नव्हती. परभणीत गोदरेजच्या टाइपरायटर मशीनवर दोन कळा एकदम दाबल्या की आतले दांडे एकमेकांत अडकायचे, ते बोटाने सोडवायचे, बोट शाईने काळं. मशीनच लय शिकवायचं. कॉम्प्युटर निमूट सगळं गिळतो. मी खाली बघते म्हणून आमच्या सरांनी कीबोर्डवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलं होतं, हात घालायला दोन भोकं पाडून. आठ दिवस रडले. पहिल्या परीक्षेत नापासही झाले, आणि तीही वेगाने नाही, चुकांनीच. तू हातावर गमछा टाक, तेवढं पुरे.

सावकाश गेलो तर मागे पडू, ही भीती सगळ्यांना असते. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या लोकांनी २०१८ साली १ लाख ६८ हजार माणसांचे १३ कोटी ६० लाख ठोके तपासले. त्यात वेगवान माणसं चुका कमी करणारी निघाली. संस्थेत मी वर्षानुवर्षं हेच बघतेय, फक्त माझ्याकडे कोटी नव्हते.

हळद काढणीच्या दिवसांत संध्याकाळी सराव करू नको, आखडलेल्या बोटांना चुकाच शिकवशील. पहाटे बस. लाइट नसली तर ओटीजी केबलने (मोबाइलला यूएसबीच्या वस्तू जोडायची छोटी वायर) कीबोर्ड मोबाइलला जोडायचा. आणि पुढे कुणाच्या नादाने रेमिंग्टन लेआउटकडे, म्हणजे कळांच्या जुन्या टाइपरायटरी मांडणीकडे, वळू नको. तिकडे ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, इनस्क्रिप्टमध्ये उलट. परीक्षा कोणत्या लेआउटवर आहे ते विचारून तोच एक धर.

प्रश्न : मी अंबाजोगाईला पतसंस्थेत आहे, वय ४३. दोन बोटांनी टाइप करते, काम निभतं. आता दहा बोटं वळतील का?

उत्तर : वळतील ताई. पण गरज आहे का ते आधी बघा. कमी बोटांनीही बऱ्यापैकी वेगाने लिहिणारी माणसं असतात. तुमची मान दुखते का? कागद बघताना ओळ हरवते का? तसं असेल तर शिका, कारण फायदा वेगापेक्षा नजरेचा आहे, ती कागदावर राहते. मात्र पहिले दोन-तीन आठवडे वेग निम्म्यावर येईल आणि चिडचिड होईल. म्हणून मार्चअखेरीला हात घालू नका. एप्रिलमध्ये, ऑफिसचं काम जुन्याच बोटांनी करत, घरी अर्धा तास.

प्रश्न : चार हजारांचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला तर स्पीड वाढेल का? (लातूर)

उत्तर : आवाज वाढेल. परीक्षेच्या हॉलमध्ये समोर येईल तो साधाच असणार, सराव त्याच्यावर कर. उरलेल्या पैशांत खुर्ची नीट उंचीची घे. कोपर टेबलाच्या खाली राहत असेल तर मनगट मोडतं आणि करंगळी आखूड पडते.