चार्टमध्ये डॉक्टरने 'नवऱ्याकडून मारहाणीचा संशय' लिहिलंय, पेशंट मात्र 'जिन्यावरून पडले' म्हणते. आयसीडी-१० या आजार-जखमांच्या कोडयादीतला वाय०४ (हाताने मारहाण) लावू की डब्ल्यू१० (जिन्यावरून पडणे)?

आधी तुमचं उत्तर देऊन टाकते, नाहीतर नंतर राहून जाईल. सीपीसीची, म्हणजे अमेरिकन मेडिकल कोडिंगच्या परीक्षेची, तयारी करताय म्हणजे चार्ट अमेरिकेचाच, आणि तिथे या दोनपैकी एकही नको. डॉक्टरने 'संशय' लिहिलाय ना, मग टी७६ (संशयित छळ) पहिला आणि त्यामागे जखमेचा कोड. संशयाच्या केसला वाय०४ नाही आणि मारणारा कोण हे सांगणारा वाय०७ही नाही. छळ झाल्याचं डॉक्टरने नक्की केलं, तर टी७४ आणि मग हे दोन्ही.

आता माझं ऐका. मी अकरा वर्षं एका जिल्ह्याच्या गावी हॉस्पिटलच्या एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड विभागात, काढली. तिथे डब्ल्यूएचओचं आयसीडी-१०, अमेरिकन कोडांतली सातव्या अक्षराची भानगड नाही. २०१३ साली एक फाईल आली. बाईचा डावा हात मोडलेला, अल्ना (कोपरापासून खाली करंगळीच्या बाजूचं हाड) मधोमध, म्हणजे एस५२.२. कॅज्युअल्टीच्या कागदावर एमएलसीचा (पोलीस केसचा) शिक्का आणि डॉक्टरच्या अक्षरात 'नवऱ्याने लाकडी दांडक्याने मारले'. चार दिवसांनंतरच्या डिस्चार्ज कार्डावर 'जिन्यावरून पडून'. दोन्ही कागद एकाच दोऱ्यात ओवलेले! पत्ता ज्या वस्तीचा होता तिथे सगळी पत्र्याची घरं. जिना आला कुठून?

आणि पडताना माणूस तळहात टेकतो, मोडतं ते बहुतेक वेळा मनगटापाशी. अल्ना एकटी मधोमध मोडते ती डोक्यावर येणारा फटका हातावर झेलताना. कुठलाही ऑर्थोवाला सांगेल.

मी वाय००.० लावला. बोथट वस्तूने हल्ला, ठिकाण घर. साहेबांनी लाल पेनने खोडून डब्ल्यू१०.० केला. म्हणाले, "बाई, आपण रेकॉर्डवाले, पोलीस नाही. डिस्चार्ज कार्ड शेवटचं, तेच धरायचं." मी म्हटलं, मग फाईल डॉक्टरकडे परत पाठवा, दोन कागद दोन गोष्टी सांगतायत. तर म्हणे एवढ्या एका आकड्यासाठी डॉक्टरला वर बोलवायचं का? महिन्याच्या तक्त्यात ती बाई पडलेल्यांच्या रांगेत गेली.

'शेवटचा कागद खरा' असा नियम कुठेही नाही. शेवटचा कागद लिहिताना खाटेशेजारी कोण उभं होतं ते कागदावर येत नसतं. कागद आपसात भांडत असतील तर क्वेरी टाकायची, म्हणजे डॉक्टरला खुलासा विचारायचा, लेखी, आणि उत्तर येईपर्यंत फाईल बाजूला ठेवायची. कोणी कितीही घाई करो.

खरं सांगायचं तर माझंही चुकलंच. क्वेरीचं मी साहेबांनी खोडल्यावर बोलले, आधी वाय ठोकून मोकळी झाले होते. पत्र्याचं घर, हाडाची जागा, ही कोडिंगची कारणं नव्हेत. डॉक्टरने जे लिहिलं नाही ते आपण लावायचं नाही, यात साहेब बरोबर होते. पण हाच नियम जिन्यालाही लागू होता. कॅज्युअल्टीतला डॉक्टर काय डॉक्टर नव्हता?

राहिलेल्या दोन गोष्टी. बारमधल्या मारामारीला टी७६ लावत बसू नका, तो मुख्यतः घरातल्या नाहीतर सांभाळणाऱ्याकडून होणाऱ्या छळासाठी आहे. अनोळखी माणसाने ठोसा मारला आणि तसं लिहिलेलं असेल तर जखमेचा कोड पहिला आणि सरळ वाय०४. वाय-डब्ल्यूसारखा बाह्य कारणाचा कोड पहिला कधीच येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. दुसरं म्हणजे हेतू लिहिलेलाच नसेल तर अमेरिकन नियमाने अपघात धरायचा. 'हेतू ठरवता येत नाही' असं डॉक्टरने स्वतः लिहिलं तरच वाय२१ ते वाय३३ मधलं काही. मला हा नियम पटत नाही, न लिहिलेलं सगळं आपोआप अपघातात जातं. पण परीक्षेत तोच लिहा.

साहेब आता रिटायर झालेत, रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. आज त्यांना हे उत्तर पाठवते.