भाव काय? : आठशे युरोंची कोल्हापुरी

प्रश्न : ताई, जूनपासून आमच्या घरात एका चपलेवरून भांडण चालू आहे. प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा सासरे भडकले. ‘आमचीच चप्पल चोरायची आणि लाख-सव्वा लाखाला विकायची!’ डिझाइन शिकणारी माझी मुलगी त्यांच्या बाजूने. नेदरलँड्सला असलेले दीर म्हणाले, ‘कोल्हापुरीचं जगात नाव झालं, आनंद माना.’ आता डिसेंबरात बातमी आली की तीच कंपनी आपल्याच कारागिरांकडून चपला करून घेणार आणि ८०० युरोंना विकणार. झालं, बाजू उलटल्या. सासरे खूश, आणि मुलगी पहिल्यापेक्षा जास्त चिडलेली. तुम्ही आयुष्यभर चामड्याच्या मालाच्या किमती काढल्यात. ८०० युरो ही किंमत रास्त आहे का? आणि आमच्यात बरोबर कोण? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं पत्र वाचून हसू आलं, कारण आमच्याकडेही हेच झालं. फक्त आमच्याकडे भांडायला सासरे नाहीत, आई आहे. वय ८३, मुक्काम कोल्हापूर. ८०० युरो म्हणजे आपले साधारण ८४ हजार, हे मी तिला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तेवढ्यात म्हैस येती की गं. दूध वर.”

आधी जूनचं भांडण निस्तरू. २२ जून २०२५ ला मिलानमध्ये पुरुषांच्या कपड्यांचं कलेक्शन सादर झालं, त्यात ती चप्पल होती. कंपनीने तिला नुसतं ‘चामड्याची सँडल’ म्हटलं. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, भारतही नाही. राग आला तो याचा, आणि तो रास्तच होता. पण तुमचे सासरे ज्या सव्वा लाखावरून भडकले, ती किंमत कंपनीने लावलेलीच नव्हती. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेने पत्र लिहिल्यावर प्राडा समूहाच्या लोरेंझो बर्टेली यांनी उत्तर दिलं. त्यात भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं, आणि हेही सांगितलं की डिझाइन अजून प्राथमिक टप्प्यावर आहे, ते विक्रीला आणायचं की नाही हेच ठरलेलं नाही. म्हणजे दुकानात नसलेल्या चपलेच्या, कुणी न छापलेल्या किमतीवर आपण महिनाभर भांडलो.

मग मुंबई उच्च न्यायालयात प्राडाविरुद्ध याचिका झाली. ती जुलैत फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते ‘कोल्हापुरी’ या नावाचे नोंदणीधारक नव्हते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते दोन सरकारी महामंडळांच्या नावावर : आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर. हो, कर्नाटकचंही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे इकडचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार तिकडचे. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा कारागीर कोल्हापुरीच करतो, हे आमच्या कोल्हापूरकरांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मानांकन नावाला संरक्षण देतं, तेही भारतात. प्राडाने नाव वापरलं नाही, आकार उचलला. मग कायदा कुठून पकडणार?

आता किंमत. तुम्ही विचारलं आहे म्हणून सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन बसले.

इटलीत ८०० युरोंच्या चपलेवर २२ टक्के व्हॅट असतो आणि तो किमतीतच धरलेला असतो. म्हणजे सुमारे १४४ युरो सरकारचे, कंपनीच्या हातात ६५६ राहिले. त्यातून मोक्याच्या रस्त्यावरच्या दुकानाचं भाडं, माणसं, तो पांढरा खोका आणि आतली कापडी पिशवी, न विकल्या गेलेल्या मालाचा तोटा आणि जाहिरात निघते. चप्पल करायला किती लागले हा आकडा या मोठ्या नावांच्या तिजोरीतून सहसा बाहेर येत नाही. एकदा आला होता, दुसऱ्या कंपनीचा. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयापुढे डिओरच्या एका उपकंपनीचं प्रकरण आलं, तेव्हा कागदपत्रांत निघालं की दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगेच्या जुळणीचे ठेकेदाराला ५३ युरो दिले जात. कातडं वगैरे वेगळं, पण मजुरी ५३. आणि हे भारतात किंवा बांगलादेशात नाही, खुद्द इटलीत.

तेव्हा ‘रास्त’ हा शब्द या मालाला लावूच नका. आमच्या धंद्यात माल मोजून भाव निघतो. त्या धंद्यात आधी भाव ठरतो, कारण गिऱ्हाइकाला चप्पल जितकी हवी असते तितकंच हेही हवं असतं की ती शेजारणीला परवडू नये. ज्याला ते घ्यायचं आहे त्याने घ्यावं. मला त्याचा मत्सर नाही की कौतुकही नाही.

पण तुमच्या दिरांना एक हिशोब दाखवा. करार २,००० जोडांचा आहे. जगातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन, फेब्रुवारी २०२६ पासून विकायचे असं ठरलं. सगळे जोड विकले गेले तरी १६ लाख युरो. प्राडा समूहाची २०२४ ची विक्री ५४० कोटी युरोंच्या घरात होती. शंभर रुपयांतले तीन पैसे. त्या तीन पैशांसाठी आपल्याकडे ढोलताशे वाजले. जूनमध्ये झालेली बदनामी पुसायला तीन पैसे हा फार स्वस्त सौदा आहे, आणि हे मी कंपनीला नावं ठेवायला म्हणत नाही, धंदा म्हणून म्हणते. करारात तीन वर्षांचं प्रशिक्षण आहे, काही कारागिरांना इटलीतल्या त्यांच्या अकादमीत थोडे दिवस जायला मिळणार आहे. ते खरं झालं तर चांगलंच आहे.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे मी कुठल्या तोंडाने बोलते ते तुम्हाला कळेल. १९९४ मध्ये मी मुंबईत एका एक्स्पोर्ट हाउसमध्ये कॉस्टिंगला होते. नवी होते, हुशारी दाखवायची खाज होती. जर्मनीच्या गिऱ्हाइकाला कोल्हापुरी हव्या होत्या, आणि भाव बसत नव्हता. मी कोल्हापूरच्या ठेकेदाराला फोन करून जोडामागे दोन रुपये कमी करायला लावले. तो म्हणाला, “बाई, दोन रुपये कुठनं काढू? कातडं माझं न्हाई, मजुरी माझी न्हाई.” मी म्हटलं, काढा कुठून तरी. त्याने काढले. कातडं वाळायचे दिवस कमी केले. ऑगस्टात माल निघाला, आणि हॅम्बुर्गला खोके उघडले तेव्हा तळाच्या थरांमध्ये हिरवी बुरशी होती. अख्खा कंटेनर वाया. माझं काही वाकडं झालं नाही, साहेबांनी दोन दिवस आरडाओरडा केला इतकंच. ठेकेदाराचे पैसे अडवले गेले. त्याने पुढे त्याच्या माणसांचे अडवले असणार. ते मी विचारलं नाही.

या दिवाळीत आईकडे गेले तेव्हा मुद्दाम सुभाषनगरात, कारागिरांच्या वस्तीत, जाऊन बसले. एका घराच्या पडवीत एक बाई वेणी घालत होती. ओलसर केलेल्या कातड्याच्या बारीक वाद्या, त्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि बोटं न बघता चालत होती. समोर नवरा रापीने कान कापत होता. चपलेचे ते दोन बाजूचे पंख, त्यांना कान म्हणतात. खिळा कुठेही नाही, सगळी शिवण कातड्याचीच. मी विचारलं, या वेणीचे काय मिळतात? म्हणाली, जोडाला तीस रुपये. तो जोड ते दुकानदाराला साडेसहाशेला देतात, आणि चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, त्याला अकराशे सांगतात. मी तिला मिलानबद्दल विचारलं. ती बोलली नाही, नवरा बोलला : “ताई, नाव न्हाई घेतलं त्येनी. पर तो कान बघा की, आमचाच हाय.” राग नव्हता त्याच्या आवाजात. हरवलेली शेळी दुसऱ्याच्या दावणीला ओळखावी तसं काहीसं होतं.

मी तिथून उठून चप्पल लाइनीत आले तर एका दुकानासमोर पुण्याच्या गाडीतून उतरलेलं कुटुंब होतं. अकराशेचे आठशे करा म्हणून वीस मिनिटं. त्यातला मुलगाच मध्येच म्हणाला, ‘प्राडावाले लाखाला विकतात आणि आपल्याला इथे…’ वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या वडिलांनी साडेसातशेला तोडलं.

म्हणून तुमच्या मुलीचा राग मला तुमच्या घरात सगळ्यात जवळचा वाटतो, पण तिला एक विचारा. जूनमध्ये सगळे ‘आपली’ कोल्हापुरी म्हणत होते. हे ‘आपण’ कोण? माझ्या आजोबांच्या पायाचं माप घ्यायला कारागीर यायचा तो जोत्याच्या खाली उभा राहायचा, आणि त्याचे पैसे हातात ठेवले जात नसत, वरून टाकले जात. माझ्या आईने हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कातडं कमावणारा ढोर समाज आणि चप्पल घडवणारा चर्मकार समाज, यांचं नाव आपण तरी कधी खोक्यावर छापलं? खोक्यावर दुकानाचं नाव असतं. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला, त्याचं आपण भाषणात सांगतो. २०१५ च्या कायद्याने बैलाची कत्तल बंद झाल्यावर कातड्याची टंचाई झाली, कातडं मद्रासकडून आणावं लागायला लागलं, तेव्हा कोल्हापुरीसाठी कुणी मोर्चा काढला नव्हता.

सासरे खूश आहेत तर राहू द्या. फक्त त्यांना सांगा, आनंद मोजायचा असेल तर ८०० हा आकडा बघू नका. मी त्या कराराच्या टेबलावर असते तर एकच प्रश्न विचारला असता : वेणी घालणाऱ्या बाईला जोडामागे किती? तीसचे तीनशे होणार असतील तर माझ्याकडून त्यांनी ती चप्पल आठ हजार युरोंना विकावी.

प्रश्न : ऑनलाइन ६०० रुपयांत ‘अस्सल कोल्हापुरी’ मिळते. खरी कशी ओळखावी? आणि मागच्या पावसात माझी चप्पल भिजून कडक झाली, ती फेकावी का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : फेकू नका. सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरजवळ मुळीच नको. पट्ट्याखाली वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रोज बदला. वाळली की बोटाने खोबरेल चोळा, थोडंच, रात्रभर ठेवून फडक्याने पुसा. दोन-तीनदा केलं की नरम येईल. आणि पुढच्या पावसात ती घालू नका. कोल्हापुरी ही आठ महिन्यांची चप्पल आहे, गोव्यात तर सातच.

अस्सलची ओळख : हातात घेऊन कडेने बघा. तळाचे थर दिसले पाहिजेत, आणि त्यांना धरणारी शिवण कातड्याच्या वादीची असली पाहिजे. एकसंध काळा तळ असेल तर तो रबराचा किंवा पीयूचा, म्हणजे प्लास्टिकचा. नाकाजवळ न्या. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याला तुरट, मातकट वास असतो. रेक्झिनला गाडीतल्या नव्या सीटचा वास येतो. आता आपल्या महामंडळाच्या चपलांना क्यूआर कोड येतो, तो स्कॅन केला की कारागिराचं नाव आणि जिल्हा दिसतो. ऑनलाइन घेणार असाल तर तेवढं बघा.

नाही तर सरळ कोल्हापूरला जा. कागदावर दोन्ही पाऊल ठेवून पेन्सिलीने गिरवून घ्या, दोन्ही, कारण एक पाय थोडा मोठा असतोच. अंगठ्याची जागा घट्टच ठेवायला सांगा, चार दिवस चावेल, मग बसेल. आगाऊ रक्कम देऊन या. आणि सुभाषनगरात विचारत गेलात तर जोड साडेसहाशेलाच मिळेल. अकराशे द्या.