बायबलातल्या स्तोत्र ७२ मधला राजा कोण, शलमोन की येशू ख्रिस्त?

दोघंही, इस्राएलाचा जुना राजा शलमोनही आणि ख्रिस्तही. पण 'फक्त ख्रिस्त' म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून लिहितेय.

नागपूरच्या सदरला माझ्या चुलत सासऱ्यांकडे शास्त्राभ्यास असायचा. ते चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे पुढारी, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. या स्तोत्राच्या दिवशी त्यांनी जस्टिन मार्टर या जुन्या ख्रिस्ती लेखकाचं पुस्तक काढलं. दुसऱ्या शतकात ट्रायफो नावाच्या यहूद्याशी वाद घालताना त्याने हेच मांडलंय: शलमोनाचं राज्य पृथ्वीच्या टोकापर्यंत कधी गेलं नाही, वर एका बाईपायी त्याने सीदोनात मूर्ती पुजल्या, तेव्हा हा राजा ख्रिस्तच. मी विचारलं, मग बाराव्या ते चौदाव्या वचनात राजा गरिबांना सोडवतो, त्याचं काय? "ते प्रभू परत आल्यावर होईल, सूनबाई. तू चहा बघ."

आत गेले तर मागच्या दारात भांडेवाली बाई उभी. ओले हात पदराला पुसत म्हणाली, "काकाले विचारा ना, पैसे देतात का. पोराची फी भराची हाय." काकांनी बैठकीतूनच सांगितलं, "सोमवारी." मी माझ्या डब्यातले काढून दिले. त्यावरून घरात जे रामायण झालं ते सोडा.

पहिलं वचन वाचा. देवा, राजाला तुझा न्याय दे. ही गादीवरच्या माणसासाठी केलेली मागणी आहे. पंधराव्यात तर लोकांनी त्याच्यासाठी नित्य प्रार्थना करावी असं म्हटलंय. ख्रिस्तासाठी कोण प्रार्थना करतं? आपण त्याच्याकडे करतो! सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्यानेही बजावलंय की हे निव्वळ ख्रिस्ताचं भाकीत म्हणून ओढूनताणून लावू नका, यहूद्यांना बोलायला जागा मिळते.

अर्थात तोही शेवटी शलमोनात ख्रिस्ताची छाया बघतोच. आणि यहूद्यांच्या तारगुमातही, म्हणजे शास्त्राच्या जुन्या अरामी भाषांतरातही, पहिल्याच वचनात 'राजा मशीहा' आहे, म्हणजे हा अर्थ आपण हवेतून आणलेला नाही. नव्या करारात मात्र हे स्तोत्र ख्रिस्ताला लावून थेट कुठे दिलेलं नाही. दहाव्या वचनातले तार्शीश-शबाचे राजे म्हणजे नाताळच्या नाटकातले तीन राजे, हे मागाहून जोडलेलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते मागी, म्हणजे ज्योतिषी आहेत, राजे नाहीत, आणि किती होते तेही दिलेलं नाही.

तुमच्याकडे कोणी "ते प्रभू आल्यावर" म्हणालंच, तर त्यांनाच चौथं वचन मोठ्याने वाचायला लावा, जुलूम करणाऱ्याला चिरडण्याचं. आमच्याकडे ते नेहमी घाईत उरकलं जायचं.