संभाजीनगरच्या मे महिन्यात १९९० आणि २०१० सालच्या बोर्दो (फ्रान्समधला वाइनचा प्रदेश) रेड वाइनची तुलना कशी करावी?

दोन्ही बाटल्या १६ ते १८ अंशांपर्यंत थंड करा आणि सारख्याच ग्लासांत एकाच वेळी ओता. २०१०ची तासभर आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी अशा रुंद काचेच्या भांड्यात काढा, १९९०ची मात्र ऐनवेळी उघडा. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा आहे. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि कोमट वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात शिरतो. जुन्या वाइनचा सुगंध फार नाजूक असतो, हवा लागल्यावर लवकर विरतो, म्हणून पहिला वास तिचाच घ्या. रंगही पाहा: पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की जुनीची कड विटकरी दिसेल. चवीत तरुण वाइनचा तुरटपणा हिरड्यांना जाणवतो. जुनीत तो मऊ होतो, कारण टॅनिनचे, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या घटकाचे कण वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून गाळ बनून तळाशी बसतात. तो गाळ ग्लासात येऊ नये म्हणून बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवा, ओतताना हलवू नका. एक अट मात्र आहे: बाटली मराठवाड्याचे दोन-तीन उन्हाळे साध्या कपाटात राहिली असेल, बूच वर सरकलं असेल किंवा शिजवलेल्या जॅमसारखा वास येत असेल, तर ती उष्णतेने बिघडलेली असण्याची शक्यता दाट, तिच्यावरून त्या सालाचं मोल ठरवू नका.